नलू सासरी गेली

३ सप्टेंबर १९८६, बुधवार

आज शेडचा मुहूर्त झाला. जोगेश्वरीला गुंफांच्या रस्त्यावर छत्र्यांच्या दांड्यांचा एक बंद पडलेला कारखाना होता, तोच भाऊंनी भाड्याने घेतलाय. वर पत्रे आणि आत तीन भिंतींचं घर. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा. भाऊ याला स्टुडिओ म्हणतात, धोंडिराम सुतार शेड म्हणतो. मीपण शेडच म्हणतो, भाऊंसमोर सोडून.

भाऊ अंधेरीच्या हेमकूट स्टुडिओत अर्धं आयुष्य असिस्टंट होते. मालकाशी वाजलं आणि बाहेर पडले. आता दूरदर्शनवर मराठी मालिका, तेरा भाग, पैसा एका दंतमंजनवाल्या कंपनीचा. नाव 'पागडीची खोली'.

कॅमेऱ्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मग भाऊंनी अनुपमाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दुसरा एक नारळ तिच्या हातात दिला. म्हणाले, "नवी नटी उभी राहिली की हेमकूटमध्ये असंच करतात. तिथली एवढीच एक गोष्ट मी बरोबर आणली." अनुपमा म्हणजे मालिकेतली नलू, घरातली धाकटी. राहायला मुलुंडला. नाटकांच्या स्पर्धेत भाऊंनी तिला पाहिलं होतं.

पेढा तोंडात असतानाच भाऊंनी दम दिला. "दोन गोष्टी आत्ताच सांगतो. तेरा भाग पुरे होईपर्यंत हेमकूटच्या गेटात कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि पोरींनो, लग्नं ठरवायची नाहीत. मागच्या नाटकात माझी नायिका तिसऱ्या प्रयोगाला बोहल्यावर चढली. मी नायक एकटाच नाचवला."

सगळे हसले. अनुपमापण हसली. ती हसते तेव्हा आधी खाली बघते.

माझं काम कंटिन्युइटी. म्हणजे काल नलूनं पदर डाव्या खांद्यावरून घेतला असेल तर आज त्याच दाराच्या पुढच्या शॉटमध्ये तसाच पाहिजे. बांगड्या तेवढ्याच, वेणी त्याच बाजूला. चुकलं तर शिव्या मला. एस.वाय.ला कॉलेज सोडलं त्याला आता बरेच महिने झाले. सरांनी भर वर्गात गिरणीवाल्यांच्या पोरांवर विनोद केला, मी डस्टर फेकला, लागला नाही. माफी मागितली नाही म्हणून घरी. संपात बाबांची गिरणी गेली, आता ते बोरीवलीला एका सोसायटीत वॉचमन आहेत. माझ्याशी कामापुरतं बोलतात. हे काम मिळालं हे सांगितलं तर म्हणाले, "बघायचे पैसे देतात?"

देतात. मला चालतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आई-बाबा गणपतीला गावी गेलेत. मी शूटिंगचं कारण काढून राहिलो. घरी कुणी नाही त्यामुळे बोलायला लागत नाही, बरं वाटतं.

दिवसभरात तीनच सीन झाले. विमान आलं की थांबायचं. विमान गेलं की पत्र्यावर कावळे. धोंडिराम बांबू घेऊन छपरावर बसला होता, एका कावळ्यानं त्याची टोपी नेली. भाऊ हसले नाहीत म्हणून कुणीच हसलं नाही.

दुपारी अनुपमा माझ्या बाकड्यावर येऊन बसली. डबा उघडला.

"तू जेवत का नाहीस रे?"

"जेवतो नंतर."

"नंतर म्हणजे कधी? तुझी कंटिन्युइटी कोण बघतं?"

 तिनं तिची थालीपीठाची अर्धी चतकोर माझ्या वहीवर ठेवली. वहीला तेल लागलं. म्हणाली, "तू माझ्याकडे बघतोस ना, तेवढं माझ्या आईनंपण बघितलं नसेल. एवढं बघून काय कळतं तुला?"

"डाव्या भुवईत एक केस उलटा आहे," मी म्हणालो.

ती खाली बघून हसली आणि उठून गेली. मी ती चतकोर संध्याकाळपर्यंत खाल्ली नाही. मग खाल्ली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कुंडलिक लाइटवाला अनुपमाच्या चालण्यावर काहीतरी बोलला. मी स्टँड उचलून त्याच्या पायावर घातला. अंगठ्याचं नख गेलं. भाऊंनी मला कानाखाली वाजवली आणि म्हणाले, "हात एवढे शिवशिवत असतील तर धोंडिरामला खिळे मारू लाग."

दिवसभर खिळे मारले. काही वाटलं नाही. वाटत होतं ते एवढंच की अनुपमा येऊन काहीतरी बोलेल. ती आली.

"माझ्यासाठी मारलंस?"

"हो."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग? उद्या तो मला घाबरेल आणि माझ्या तोंडावर लाइट नीट पडणार नाही. झालं तुझं समाधान?"

ती चिडलेली होती. मला वाटतं काळजीनं चिडली होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला भाग लागला. चाळीत टीव्ही चंपामावशीकडे आहे. सगळी खोली भरली. आई पुढे बसली होती, बाबा दारात उभे, आत आले नाहीत. शेवटी नावं आली तेव्हा माझं नाव वाचेपर्यंत गेलं. चंपामावशी म्हणाली, "खंय आसा रे तुझा नाव?" मी म्हटलं, गेलं. ती म्हणाली, "मेल्या, जरा हळू धावडवायचं."

नलू सगळ्यांना आवडली. कावळा ऐकू आला. मला एकट्यालाच आला बहुतेक.

उद्या तिला सांगायचं, तिसऱ्या सीनमध्ये तिनं दार लावलं ते कसं लावलं. माणसं दार लावतात, ती बंद करते. हे तिला कसं सांगायचं ते ठरत नाहीये.

१५ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीनंतर पुन्हा सुरू. हेमकूटबद्दल सगळे बोलतात. तिथले मोठमोठे फ्लोअर रिकामे पडलेत म्हणे. लोक घरात व्हिडिओ लावून सिनेमा बघतात, थेटरं ओस, म्हणून आता हेमकूटला मालिका हव्यात. हिंदी दोन चालू केल्या. माणसं कुठून घेणार, तर आमच्यासारख्या शेडमधून. गोरेगावच्या एका मालिकेचा नायक त्यांनी सहाव्या भागातच उचलला. त्या मालिकेत आता नायकाचा मोठा भाऊच सगळं करतो. भाऊ हे ऐकतात आणि कात्रीनं नखं कापत बसतात. नखं उरलेली नाहीत.

अनुपमा डबा आणत नाही आता. दुपारी म्हणते भूक नाही, संध्याकाळी कुणाकडे तरी जेवायला जायचंय. काल दादरला आत्याकडे, आज ठाण्याला मामाकडे. पॅक-अप झालं की धावत सुटते. रोज वेगळी साडी, नवी कोरी. मी विचारलं, नवी का? म्हणाली, "मिळाली."

"कुणी दिली?"

"अरे, तू पोलीस आहेस की काय?"

घरची परिस्थिती काही एवढी नाही तिची. वडील पोस्टात आहेत.

१३ नोव्हेंबर

आज शॉटच्या मध्येच तिचं लक्ष उडालं. तीनदा एकच चूक. कधीच होत नाही. कुंदाताई मालिकेत तिची आई होतात, त्यांनी तिला बाजूला घेतलं. दोघी कुजबुजत होत्या. मी गेलो तर गप्प झाल्या. कुंदाताई म्हणाल्या, "तुझं काय काम रे इथे? जा, बांगड्या मोज."

मोजल्या. बरोबर होत्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहू की नको असं झालंय. लिहितो.

आज पॅक-अपनंतर मी तिच्या मागून गेलो. तिला कळलं नाही. अंधेरीला उतरली. मला वाटलं इथून मुलुंडला बसनं जाणार असेल. नाही गेली. चालत हेमकूटच्या गेटापर्यंत गेली. मी समोरच्या सायकलवाल्याकडे उभा राहिलो.

गेटातून एक माणूस बाहेर आला. चष्मा, बुशशर्ट, खिशाला स्टुडिओचा पास. तिला बघून हसला. वॉचमनला काहीतरी म्हणाला, तर तो वॉचमन उभा राहिला, तिला नमस्कार केला. दोघं आत गेले. ती खाली बघून हसत होती.

सायकलवाला म्हणाला, "हवा भरायचीय का?" मी म्हटलं सायकल नाही. तो म्हणाला, "मग?"

दिवे लागल्यावर ती बाहेर आली. कपाळाला भलंमोठं कुंकू. हातात नारळ, वर खणाची घडी, आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स. मागून हेमकूटची आठ-दहा माणसं गेटापर्यंत सोडायला आलेली. चष्मेवाल्याच्या पाठीवर थापा मारत होते, जसं काही त्यानं मोठा मासा पकडलाय.

कुंकू आणि नारळ. नवी नटी उभी राहिली की करतात ते. भाऊंनीच सांगितलं होतं.

म्हणजे झालं. साड्या, जेवणं, कुजबुज, सगळं आता बसतं. एवढे दिवस मी तिचे पदर आणि बांगड्या बघत बसलो आणि हे दिसलं नाही.

राग यायला पाहिजे होता. दुकानाची काच तरी फोडायला पाहिजे होती. काही नाही. घरी येऊन जेवलो. आई म्हणाली, "तुका काय झालां?" मी म्हटलं काही नाही, आणि खरंच काही नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊंना सांगितलं.

सकाळी लवकर गेलो. ते एकटेच होते, सेटवरच्या खाटेवर बसून स्क्रिप्ट वाचत होते. मी सांगितलं तसं त्यांनी ऐकलं.  शेवटी एवढंच, "तू डोळ्यांनी बघितलंस?"

"हो."

"नारळ?"

"हो. आणि पेढे."

त्यांनी बराच वेळ खाटेची नवार ओढून बघितली. मग म्हणाले, "नववा भाग लिहून झालाय का रे लेखकाचा?"

"नाही."

"बरं."

मी म्हटलं, भाऊ, तिच्याशी एकदा बोला. ते म्हणाले, "बोलून काय करायचं? हेमकूटनं बोलावलं की माणूस थांबत नाही. मी तरी थांबलो होतो का? नायक नेला तेव्हा त्या गोरेगाववाल्याला शेवटच्या दिवशी कळलं. माझं तसं व्हायचं नाही. मी आधी काढीन."

मला वाटलं होतं ते तिला रागावतील, ती रडेल, राहील. राहिली असती तर मी तिला सांगणार होतो. दाराचं आणि बाकीचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नलूचं लग्न झालं. शूट नाही केलं. लग्नाचा सेट परवडत नाही, आणि भाऊ म्हणाले ती ताकदपण नाही माझ्यात. लेखकानं नवव्या भागात बापाला एक वाक्य दिलं. बाप चहा पिता पिता शेजाऱ्याला सांगतो, "नलू ना? तिचं सगळं घाईतच ठरलं, देऊन टाकली इंदूरला." शेजारी म्हणतो, "अरे वा." पुढचा सीन नळाच्या पाण्याचा.

अनुपमाला कुणी कळवलं नव्हतं. ती नेहमीसारखी आली, मेकअपला बसली. भाऊ तिच्यासमोर आले नाहीत. धोंडिरामला पाठवलं. तो बिचारा फळीवरचा भुसा पुसत पुसत म्हणाला, "बाई, तुमचं काम संपलंय म्हणतात. नलूला सासरी धाडली."

ती आरशातच बघत राहिली. मग पदरानं तोंडावरची पावडर पुसली. भाऊंना भेटायला गेली नाही. मला वाटलं होतं भांडेल. भांडली नाही, चोरी पकडल्यासारखी गप्प झाली. त्यावरून तर माझी खात्रीच झाली.

मग माझ्या बाकड्याशी आली.

"भाऊंना कुणी सांगितलं?"

"मला काय माहीत."

"त्यांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं म्हणून बोलले नाही मी. तेरा भाग झाले की पेढे घेऊन येणार होते." थोडं थांबून म्हणाली, "पुढचे भाग आले असते तर तेपण केले असते. तसं स्पष्ट बोलणं झालं होतं. एवढी एक मालिका चालेल तोवर करू देतो म्हणाले होते. किती दिवस लागले त्यांना हो म्हणायला, तुला सांगून कळायचं नाही."

म्हणजे दोन्हीकडे करणार होती.

मी म्हटलं, "मोठ्या ठिकाणी गेलीस. तुला काय कमी."

तिनं माझ्याकडे बघितलं. असं कधी बघितलं नव्हतं. "कसलं मोठं ठिकाण? दोन खोल्या आहेत कांजूरला," ती म्हणाली.

कांजूरला हेमकूटचं काही असेल तर मला माहीत नाही. गोडाऊन असेल.

ती गेली. तिच्या हातावर कोपरापर्यंत बारीक काहीतरी रेघा होत्या, कुणीतरी पेनानं आखून बघितल्यासारख्या. मेंदीची नक्षी असते तशा. दुसऱ्या मालिकेतल्या सीनसाठी असणार.

९ डिसेंबर, मंगळवार

नववा भाग. चंपामावशीकडे. बाप चहा प्यायला, वाक्य बोलला. नळ सुरू झाला.

आई वळून माझ्याकडे बघायला लागली. "त्या चेडवाक न दाखवताच धाडल्यानी?"

मी म्हटलं, हो.

"असां खंय करतत? चेडवाची पाठवणी नको? आवस रडतली तरी दाखवची होती."

बाबा आज आत बसले होते. म्हणाले, "गिरणीत असंच करायचे. सकाळी गेलं की मस्टरवर नाव नाही." मग उठून ड्युटीला गेले. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याकडे बघून बोललेलं त्यांचं हे सगळ्यात मोठं वाक्य.

११ डिसेंबर, गुरुवार

कुंदाताईंनी शेडवर लाडू आणले. रविवारी अनुपमाचं लग्न झालं. मुलुंडला, हॉलमध्ये. त्या आणि त्यांचे मिस्टर गेले होते. आमच्यापैकी दुसरं कुणी नाही. नवरा हेमकूटच्या बुकिंग ऑफिसात क्लार्क आहे. नाव सहदेव. चष्मा आहे, स्वभावानं गरीब आहे, आईच्या शब्दाबाहेर नाही. कुंदाताई सांगत होत्या, "एवढी केळवणं झाली पोरीची, वजन वाढलं तिचं. त्याच्या ऑफिसवाल्यांनीपण कॅन्टीनमध्ये केलं, नारळ-खण दिला, त्यांच्यात म्हणे अशी पद्धतच आहे."

माझ्या हातात लाडू होता.

भाऊ तिथेच उभे होते. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी खाली बघितलं. त्यांनी बघितलं की नाही माहीत नाही. ते कुंदाताईंना म्हणाले, "मला का नाही सांगितलं?"

"तुम्हीच तर बजावलं होतं, लग्न ठरवायचं नाही म्हणून. तुम्हाला कळलं म्हणूनच काढली ना तिला?"

 भाऊ नवारीच्या खाटेवर जाऊन बसले.

लाडू खाल्ला. रव्याचा होता.

१२ डिसेंबर

काही नाही.

२ जानेवारी १९८७, शुक्रवार

तेरावा भाग झाला शूट करून. पत्रं येतात, पोतंभर नाही पण येतात. सगळ्यांत एकच, नलू माहेरी कधी येणार. एका बाईनं डोंबिवलीहून लिहिलंय की नलूला सासरी जाच होत असेल तर तिला परत आणा, आम्ही बघत नाही आता.

दूरदर्शननं आणखी तेरा भाग दिले. दंतमंजनवाले म्हणतात देऊ पैसे, पण या शेडमध्ये नको. कावळे ऐकू येतात. त्यांच्या साहेबाच्या बायकोला पण आले म्हणे. शूटिंग हेमकूटला करा, तिथे त्यांची बोलणी झालीत.

भाऊंनी एक दिवस घेतला. मग हो म्हणाले. मला म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. कोण कुठे बसलं होतं ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

मला वाटलं ते त्या दिवसाचं काढतील. नाही काढलं. त्यांचा आवाज फक्त आता माझ्याशी बोलताना सपाट असतो. माझापण.

२८ जानेवारी, बुधवार

हेमकूटचा पहिला दिवस. पागडीची खोली त्यांच्या चार नंबर फ्लोअरला लावली. फ्लोअर एवढा मोठा की आमची खोली कोपऱ्यात काड्यापेटीसारखी दिसते. त्यांचा सुतार म्हणाला, भिंती जरा लांब घेऊ, जागा आहे ना. आता मालिकेतला बाप स्वयंपाकघरात जायला जास्त वेळ घेतो. हे मी भाऊंना सांगितलं. म्हणाले, "राहू दे. श्रीमंत झाले असतील."

गेटावर पास घ्यायला बुकिंग ऑफिसात गेलो. तोच. चष्मेवाला.

"तुम्ही पागडीची खोलीवाले ना?" तो उठला, स्वतःची खुर्ची मला दिली. "दशरथ म्हणजे तूच? अनुपमा सांगते तुझ्याबद्दल. म्हणते, एक पोरगा होता, त्याला माझी भुवईसुद्धा पाठ होती."

मी म्हटलं, कामच होतं ते.

"चहा घे. अरे लाजतोस काय." त्यानं चहा मागवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला म्हणून विचारतो. नलूला परत आणणार आहेत का रे? इथे सगळे म्हणतात पत्रं येतायत. काय आहे, आमच्या आईला मी मोठ्या मुश्किलीनं तयार केलं होतं. ही एक मालिका चालेल तोवर करेल, म्हणाली बरं. मग लग्नाआधीच काम गेलं, तर आई म्हणाली आता कशाला, आपोआप सुटलं ते सुटलं. पण त्याच मालिकेत परत बोलावलं तर आईला नाही म्हणता येणार नाही. शब्द दिलाय तिनं. दुसरीकडे कुठे नाही पाठवायची ती."

"अनुपमा काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. मंगळवारी टीव्ही लागला की भांडी घासायला जायची."

चहा गोड होता. त्यानं पासवर माझं नाव बरोबर लिहिलं. फार सुंदर अक्षर आहे त्याचं.

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

३० जानेवारी

ती परत आली तर काय काय होईल ते मनात करून बघतो. पहिल्या दिवशी भाऊ तिला सांगतील की मला तुझ्या लग्नाचं माहीतच नव्हतं, मला या दशरथनं हेमकूटचं सांगितलं. तिसऱ्या मिनिटाला. मग ती माझ्या बाकड्याशी येईल किंवा येणार नाही.

आणि रोज सकाळी मला तिला सांगावं लागेल, मंगळसूत्र काढून ठेव. नाही नाही, आता नलूचंपण लग्न झालंय. मग राहू दे सांगावं लागेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हेमकूटच्या मॅनेजरांनी बोलावलं. ए.सी. होता. भाऊ, मी आणि ते. टेबलावर पत्रांचा ढीग.

मॅनेजर म्हणाले, "ही नलू परत पाहिजे. सासरहून आली, एवढंच करायचं. नवीन तेरा तिच्यावरच उघडू. कुठे असते ती मुलगी?"

भाऊ म्हणाले, "मला वाटलं होतं ती तुमच्याकडेच आली."

"आमच्याकडे? आम्ही तिला नीट पाहिलीपण नाही. हां, आपल्या बुकिंगच्या सहदेवची बायको ना? मग तर गेटातच आहे काम. येईल?"

भाऊ खुर्चीतच माझ्याकडे वळले. त्या लाडवाच्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ बघितलं. त्यांना सगळं माहीत आहे. त्या दिवसापासून माहीत आहे. तरी ते मलाच म्हणाले, "तू बोलतोस ना त्या सहदेवशी. येईल का ती?"

मशीनचा आवाज येत होता. थंड हवा मानेवर. मला वाटलं, हो म्हणायला काय लागतं. एक अक्षर. तिथून उठायचं, पायऱ्या उतरायच्या, बुकिंग ऑफिसचं दार ढकलायचं. तो खुर्ची देईल. कांजूरला तिला संध्याकाळपर्यंत कळेल.

मी म्हणालो, "नाही येणार. घरचे नाही म्हणतात."

"विचारलंस?"

"हो. सहदेवच म्हणाला."

 मी भाऊंकडे बघितलं. हे खोटं आहे, असं ते म्हणू शकले असते. मग त्यांना स्वतः कांजूरला जावं लागलं असतं आणि तिच्या दारात उभं राहून सांगावं लागलं असतं की न विचारता काढली. त्यांनी मान फिरवली. मॅनेजरना म्हणाले, "मग नवीन मुलगी बघू. उंची तेवढीच बघा."

"प्रेक्षकांना चालेल?"

"दोन भाग ओरडतील. मग चालतं."

मॅनेजरनी घंटी वाजवली. ठरलं. सोमवारपासून मुली येतील, त्यांना नलूचं चालणं, बोलणं, पदर घेणं शिकवायचं. ते मी शिकवायचं. बाहेर येताना भाऊ जिन्यात म्हणाले, "जेवलास का?" मी म्हटलं, हो. नव्हतो जेवलो.

संध्याकाळी निघालो तर सहदेव बुकिंग ऑफिसच्या दारातच उभा होता. माझीच वाट बघत असणार. हातात डबा होता, रिकामा, घरी न्यायचा.

"मॅनेजरसाहेबांनी बोलावलं होतं म्हणे तुम्हाला. तिचं काही विचारलं का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. "नाही विचारलं तर नाही. मी तिला काही बोललोच नव्हतो, म्हणून बरं."

मग गेटापर्यंत आम्ही बरोबर चाललो. तो कांजूरला काय भाजी न्यायची ते सांगत होता.